शासनप्रमुखाने कोठे राहावे?

(परभणी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या एका मेळाव्यात माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंधरवड्यात एका गावी ग्रामसभेनंतर पारावर बसलो असता एका वयस्क पंचांनी मला एक प्रश्न केला. ते म्हणाले, "साहेब, मुख्यमंत्री झालेल्या माणसाला मुंबईत स्वतःचे घर असेल, तर त्याने सरकारी बंगल्यात का म्हणून जावे? आपल्याच घरी राहिला तर सरकारचा तेवढाच पैसा वाचणार नाही का?" प्रश्न सरळ होता आणि वरवर पाहता त्याचे उत्तरही सरळ वाटत होते. साधेपणाने राहणाऱ्या पुढाऱ्याविषयी आपल्या मनात उपजतच आदर असतो. परंतु परतीच्या वाटेवर मी जसजसा विचार करू लागलो, तसतसे माझ्या ध्यानात आले की, या प्रश्नाची मुळे मुंबईच्या मलबार हिलपासून थेट आपल्या गावातल्या तलाठ्याच्या बिऱ्हाडापर्यंत पोहोचलेली आहेत. म्हणून आजच्या भाषणासाठी मी हाच विषय निवडला आहे.

दोन वास्तू, एकच साल

प्रथम इतिहासाकडे वळू. १७३२ हे साल आपण लक्षात ठेवावे. त्या वर्षी जानेवारी महिन्यात पुण्यास शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली. थोरल्या बाजीरावांनी बांधलेली ही वास्तू पेशव्यांचे राहते घर होती आणि दौलतीच्या कारभाराचे केंद्रही होती. पेशवा हा वास्तविक साताऱ्याच्या छत्रपतींचा प्रधान. त्याचे पद हे नेमणुकीचे पद. परंतु पद एकाच घराण्यात चालू राहिले, वाडाही त्याच घराण्याचा राहिला आणि प्रधान जेथे राहतो तेथे दफ्तर, वकील व सरदार हे सारे हळूहळू गोळा होत गेले. १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी सांगोला येथे झालेल्या करारानंतर राज्याच्या कारभाराची सूत्रे साताऱ्याहून पुण्यास गेली, ती गेलीच. गादी साताऱ्यास राहिली आणि सत्ता शनिवारवाड्यात नांदू लागली. पेशव्यांच्या पराक्रमाला किंवा कर्तृत्वाला यात उणेपणा आणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच की, शासनप्रमुखाचे घर ही बाब केवळ चार भिंतींपुरती नसते. तो जेथे राहतो, तेथे शासन त्याच्यामागे चालत जाते.

त्याच १७३२ साली लंडन शहरात एक वेगळी घटना घडली. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याने आपला प्रमुख मंत्री रॉबर्ट वॉलपोल यास डाउनिंग स्ट्रीटवरील घर बक्षीस म्हणून देऊ केले. वॉलपोलने ते आपल्या नावावर घेण्याचे नाकारले. हे घर कोषागाराच्या प्रथम लॉर्डच्या पदाला जोडून द्यावे, म्हणजे आपल्यानंतर त्या पदावर येणाऱ्यास ते आपोआप मिळेल, असे त्याने सुचविले. राजाने ते मान्य केले आणि १७३५ मध्ये वॉलपोल तेथे राहावयास गेला. पद सुटल्यावर, १७४२ मध्ये, त्याने ते घर सोडले. दहा क्रमांकाच्या त्या दरवाजावरील पितळी पत्रपेटीवर आजही पंतप्रधानाचे नाव नाही. कोषागाराच्या प्रथम लॉर्डचे पदनाम तेवढे कोरलेले आहे. पुढच्या शतकात अनेक धनिक पंतप्रधानांना ते घर लहान वाटले व ते स्वतःच्या मोठ्या वाड्यांतच राहिले, हेही खरे. तथापि घर पदाचे आहे हा दंडक टिकला, आणि ज्यांची ऐपत स्वतःचा वाडा बाळगण्याची नव्हती अशी माणसे पंतप्रधान झाली तेव्हा त्या दंडकाचे खरे मोल कळले.

या शेवटच्या मुद्द्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. शासनप्रमुखाने स्वतःच्या घरीच राहावे असा नियम झाला, तर राजधानीत प्रशस्त घर असलेल्या माणसाची सोय होईल. परंतु उद्या गंगाखेड किंवा जिंतूर तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा त्या पदावर गेला तर त्याने मुंबईत कोणाच्या घरी उतरावे? एखाद्या श्रीमंत स्नेह्याच्या? आणि त्या स्नेह्याच्या उपकाराची परतफेड त्याने कशाने करावी? सरकारी निवासस्थान हे अशा रीतीने गरीब घरच्या लोकप्रतिनिधीचे संरक्षण आहे. पदाबरोबर घर येते, म्हणूनच घर नसलेल्यालाही पदाची आकांक्षा धरता येते.

दिल्लीचा अनुभव

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात काय झाले ते पाहू. पंडित जवाहरलाल नेहरू हे १९४८ मध्ये तीन मूर्ती भवनात राहावयास गेले. ब्रिटिश अमदानीत ते सरसेनापतींचे निवासस्थान होते. १९६४ मध्ये नेहरूंचे निधन झाल्यावर त्या वास्तूचे स्मारकात व संग्रहालयात रूपांतर करण्यात आले. त्यांच्यामागून आलेले श्री. लालबहादूर शास्त्री १०, जनपथ येथे राहिले. श्रीमती इंदिरा गांधी यांचे वास्तव्य १, सफदरजंग मार्ग येथे होते; १९८४ मध्ये त्यांची हत्या झाली आणि तेही घर स्मारक झाले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चार दशके भारताच्या पंतप्रधानपदाला स्वतःचे असे कायमचे घर नव्हते. प्रत्येक वेळी नव्या घराची निवड, नवी सुरक्षाव्यवस्था आणि नवा खर्च. अखेर श्री. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, १९९० मध्ये, ७, रेसकोर्स मार्ग हे पंतप्रधानांचे कायमचे अधिकृत निवासस्थान म्हणून ठरविण्यात आले. २०१६ पासून त्या मार्गाचे नाव लोक कल्याण मार्ग असे आहे. थोर व्यक्तींविषयीच्या आदरापोटी आपण त्यांची घरे स्मारके करीत गेलो. भावना योग्यच होती, परंतु त्यामुळे पद मात्र बेघर होत गेले, हा या अनुभवाचा बोध आहे.

'वर्षा' आणि परभणी

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. श्री. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 'सह्याद्री' येथे राहत असत. आज ती वास्तू राज्य अतिथिगृह म्हणून आपण ओळखतो. मलबार हिलवरील दुसरा एक बंगला १९५६ मध्ये, द्वैभाषिक राज्याच्या स्थापनेच्या सुमारास, श्री. वसंतराव नाईक यांना मंत्री म्हणून मिळाला. इंग्रजी अमदानीतले त्याचे जुने नाव बदलून नाईकसाहेबांनी त्याला 'वर्षा' हे नाव दिले. पाऊस हे शेतकऱ्याचे जीवित आहे, हे जाणणाऱ्या माणसाने ठेवलेले ते नाव होते. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी घर बदलले नाही. ते 'वर्षा'वरच राहिले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर असल्यामुळे 'वर्षा' म्हणजे मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान हे समीकरण महाराष्ट्राच्या मनात कायमचे रुजले.

या घराण्याशी आपल्या परभणीचे नाते अगदी जवळचे आहे. नाईकसाहेबांचे गहुली हे जन्मगाव पुसद तालुक्यातले, म्हणजे १९९९ पूर्वी हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती तेव्हा, आपल्या शेजारचे. त्यांच्याच कारकिर्दीत, १८ मे १९७२ रोजी, परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि २०१३ पासून त्या विद्यापीठास त्यांचेच नाव देण्यात आले आहे. दैवाचा खेळ असा की, घराला 'वर्षा' नाव देणाऱ्या याच मुख्यमंत्र्यांच्या काळात १९७२ चा भीषण दुष्काळ पडला. आपल्यातील ज्येष्ठांना त्या वर्षाची खडी फोडण्याची कामे आणि सुकडी अद्याप आठवत असेल.

नाईकसाहेबांनंतर 'वर्षा'च्या दारावरच्या पाटीवरील नावे अनेकदा बदलली. श्री. शंकरराव चव्हाण, श्री. शिवाजीराव पाटील निलंगेकर, श्री. विलासराव देशमुख, श्री. अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री तर आपल्या मराठवाड्याने दिले. पक्ष बदलले, प्रदेश बदलले, घर मात्र तेच राहिले. मुंबईची वाट न माहीत असलेल्या खेड्यातल्या माणसालाही मुख्यमंत्र्यांना अर्ज पाठवावयाचा झाला, तर कोणत्या घराचे नाव घ्यावे हे ठाऊक असते. पत्ता स्थिर असणे ही लोकशाहीतील एक लहानशी परंतु मोलाची सोय आहे.

साधेपणाचा आक्षेप

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचाही प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, बंगला आला की पहारे आले, पहारे आले की माणूस लोकांपासून तुटला. उरुग्वे या देशाचे अध्यक्ष होसे मुहिका यांनी २०१० ते २०१५ या काळात अध्यक्षीय निवासस्थान नाकारले व ते आपल्या लहानशा शेतघरातच राहिले. सबंध जगाने त्यांचे कौतुक केले आणि ते कौतुक यथार्थ होते. स्वीडनमध्येही १९९५ पर्यंत पंतप्रधानांना अधिकृत निवासस्थान नव्हते. ते सामान्य नागरिकांप्रमाणे स्वतःच्या घरी राहत. खुद्द आपल्या राज्यातही २०१९ ते २०२२ या काळात मुख्यमंत्री असलेले श्री. उद्धव ठाकरे यांचे वांद्र्याचे 'मातोश्री' हे घर आणि 'वर्षा' ही दोन्ही ठिकाणे त्या पदाशी जोडलेली राहिली.

परंतु या उदाहरणांची दुसरी बाजूही पाहावी. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची २८ फेब्रुवारी १९८६ रोजी रात्री, चित्रपट पाहून पत्नीसह पायी घरी परतत असताना, भर रस्त्यात हत्या झाली. त्यांच्यासोबत त्या वेळी एकही अंगरक्षक नव्हता. या घटनेनंतर त्या देशाने आपल्या जुन्या रीतीचा फेरविचार केला आणि पंतप्रधानांसाठी सरकारी घराची व्यवस्था केली. शासनप्रमुखाचे रक्षण हा त्याच्या एकट्याच्या जिवाचा प्रश्न नसतो. त्याच्यावर झालेला घाव राज्यावर होतो.

आणि खर्चाचे म्हणाल, तर शासनप्रमुख स्वतःच्या घरी राहिल्याने खर्च वाचतोच असे नाही. त्या घराभोवती चौक्या उभाराव्या लागतात, दूरध्वनीच्या खास वाहिन्या टाकाव्या लागतात, रस्ते अडवावे लागतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तपासणी सोसावी लागते. मग प्रश्न निर्माण होतो की, सरकारी पैशाने खासगी घरावर जे बांधले ते पद गेल्यावर कोणाचे? दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष जेकब झुमा यांच्या न्कांडला येथील खासगी घरावर सुरक्षेच्या नावाखाली सरकारी तिजोरीतून मोठा खर्च झाला. त्यात पोहण्याचा तलाव होता आणि जनावरांचा गोठाही होता. तेथील लोकरक्षक अधिकाऱ्याने २०१४ मध्ये यावर अहवाल दिला आणि २०१६ मध्ये त्या देशाच्या संविधान न्यायालयाने, सुरक्षेशी संबंध नसलेल्या कामांचा वाजवी खर्च अध्यक्षांनी भरून द्यावा, असा निर्णय दिला. घर सरकारचे असते तर तलावही सरकारचा राहिला असता आणि वाद न्यायालयापर्यंत गेला नसता. ज्या घराची डागडुजी सार्वजनिक पैशाने होते, ते घर सार्वजनिकच असावे, हा हिशेब कोणत्याही ग्रामपंचायतीच्या लेखापरीक्षकाला पटेल.

तेव्हा साधेपणा हा घराच्या मालकीवर अवलंबून नसतो, असे माझे मत आहे. सरकारी घरातही साधेपणाने राहता येते. त्रिपुराचे श्री. माणिक सरकार हे १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे मुख्यमंत्री होते. त्यांच्या साध्या राहणीची देशभर वाखाणणी झाली, आणि पद गेल्यावर निवासस्थान सोडून ते आपल्या पक्षाच्या कार्यालयातील खोलीत राहावयास गेले.

मध्यरात्रीचा दूरध्वनी

आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट असेल. अनंत चतुर्दशीची विसर्जने नुकतीच आटोपली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आजूबाजूची गावे मातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. परभणीतही माणसे अंथरुणावरून उठून अंगणात धावली होती. त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. शरद पवार यांनी पुढे सांगितले आहे की, मुंबईत आपल्या घराच्या खिडक्या हादरताच त्यांनी प्रथम कोयनेकडे विचारणा केली, आणि भूकंपाचे केंद्र लातूरकडे असल्याचे कळताच त्या सकाळीच ते तिकडे येऊन पोहोचले. शासनप्रमुखाचे घर म्हणजे काय, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला सापडत नाही. मंत्रालय सायंकाळी बंद होते. आपत्ती मात्र कचेरीची वेळ पाहून येत नाही. रात्री-अपरात्री ज्या घरातून पाटबंधारे, पोलीस, जिल्हाधिकारी यांच्याशी तत्क्षणी संपर्क साधता येतो, ते घर हा कचेरीचाच रात्रीचा भाग असतो. मुख्यमंत्र्याने त्या घरात राहणे हा त्याच्या कर्तव्याचा भाग होय.

घर सोडण्याचा दिवस

घरात जाण्याइतकेच घर सोडणेही महत्त्वाचे आहे. केंद्रीय मंत्र्यांच्या वेतन व भत्त्यांविषयीच्या १९५२ च्या कायद्याने मंत्र्याला विनाभाडे निवासस्थान मिळते, ते पदावर असेपर्यंत आणि त्यानंतर केवळ एक महिना. उत्तर प्रदेशात माजी मुख्यमंत्र्यांना तहहयात सरकारी बंगले देण्याची प्रथा पडली होती. एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०१६ रोजी ती बेकायदेशीर ठरविली. राज्याने कायद्यात दुरुस्ती करून ती पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ७ मे २०१८ रोजी न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्दबातल केली. पद सोडल्यावर माजी मुख्यमंत्री हा इतर नागरिकांसारखाच एक नागरिक असतो, हे या निर्णयाचे सार आहे.

२२ जून २०२२ रोजी रात्री श्री. उद्धव ठाकरे यांनी 'वर्षा' सोडली. मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा त्यांनी त्यानंतर, २९ जून रोजी, दिला. त्या राजकीय घडामोडींविषयी माझ्यासारख्या शासकीय सेवकाने मतप्रदर्शन करणे उचित नव्हे. परंतु त्या रात्री बंगल्याबाहेर पडणारे सामान दूरचित्रवाणीवर पाहताना राज्यातील सामान्य माणसाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. घर आणि पद यांचा संबंध जनमानसात किती दृढ आहे, याची ती साक्ष होती.

आपल्या गावची 'वर्षा'

बंधुभगिनींनो, येथवर मी मुंबई-दिल्लीच्या गोष्टी सांगितल्या. परंतु शासन मुंबईत सुरू होत असले तरी सामान्य माणसाला ते भेटते आपल्याच गावात. निजामी अमलात आपल्या या भागातील महसूल दीर्घकाळ मक्त्याने वसूल केला जाई. मक्तेदाराला रयतेच्या गावी राहण्याची गरज नव्हती. दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी सुरू केली, तेव्हा मक्तेदारीच्या जागी पगारी अंमलदार आले आणि जिल्ह्याचा प्रमुख, ज्याला अव्वल तालुकदार म्हणत, तो जिल्ह्याच्या ठिकाणी राहू लागला. दाद मागणाऱ्याला हैदराबादेची वाट धरावी लागू नये, हा त्या सुधारणेचा एक मोठा लाभ होता. आज जिल्हाधिकाऱ्यांचा बंगला आपल्याला नेहमीचा वाटतो. परंतु अधिकारी जिल्ह्यातच राहील ही कल्पना एके काळी नवीन होती आणि ती रयतेच्या हिताची ठरली.

तोच न्याय खालपर्यंत लागू होतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी हे पदनाम मिळाले आहे. शिक्षक, आरोग्यसेविका, पशुधन पर्यवेक्षक या सर्वांनी मुख्यालयी राहावे असा शासनाचा दंडक आहे. आपण मुख्यालयी राहतो याविषयी ग्रामसभेचा ठराव घ्यावा, अशी अट २०१९ मध्ये घालण्यात आली. या अटीवरून किती कटुता निर्माण झाली आहे, हे या सभागृहातील प्रत्येकास ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात पूर्णा नदीकाठच्या दोन गावांना मी पाठोपाठ भेट दिली. आदल्या रात्री वरच्या धरणांतून पाणी सोडल्याचा निरोप दोन्ही गावांच्या कर्मचाऱ्यांना वेळेवर मिळाला होता. पहिल्या गावचा ग्रामसेवक गावातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. त्याने कोतवालाला उठविले, दवंडी दिली, शाळेची कुलपे उघडली आणि नदीकाठची वस्ती पहाटेपूर्वी शाळेत आणली. दुसऱ्या गावचा निरोप ज्याच्या हाती पडला, तो तेथून तीस-चाळीस किलोमीटरवर शहरात होता. त्याने दूरध्वनीवर दूरध्वनी केले, यात त्याची कसूर नव्हती. पोलीस पाटील आणि तरुण मुलांनी माणसे वाचविली. परंतु शाळेची किल्ली शिक्षकाजवळ होती आणि शिक्षकही शहरात होते. दावणीची काही जनावरे सोडावयाची राहून गेली. सकाळी मी तेथे गेलो तेव्हा एक म्हातारी मेलेल्या म्हशीजवळ बसली होती. तिने माझ्याकडे पाहून एकच विचारले, "साहेब, तुम्ही कोणत्या गावी राहता?" मला उत्तर देता आले नाही, कारण मीही जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोटारीतून आलो होतो.

आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, मग गावात राहण्याची काय गरज, असे काहीजण म्हणतात. भ्रमणध्वनी निरोप पोहोचवितो. किल्ली, दोर आणि कंदील घेऊन चिखलातून जाणारा माणूस मात्र गावातच असावा लागतो.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या सहकाऱ्यांवर अन्याय होईल. मुख्यमंत्र्याने 'वर्षा'वर राहावे असे आपण म्हणतो, कारण राज्याने ते घर बांधून, सांभाळून, झाडून-पुसून तयार ठेवलेले असते. गावच्या कर्मचाऱ्यासाठी आपण काय तयार ठेवतो? कित्येक गावांत निवासस्थानांच्या भिंतींना तडे गेले आहेत, छपरे गळतात, शौचालयाला पाणी नाही. आरोग्यसेविका एकटी राहणारी असेल तर दाराला धड कडी नाही. शिक्षकाच्या मुलीला दहावीनंतर शिकण्याची सोय वीस किलोमीटरच्या आत नाही. अशा घरात राहण्याचा हुकूम काढणे सोपे आहे आणि न राहता राहिल्याचा ठराव मिळविणेही दुर्दैवाने सोपे आहे. हुकूमही खरा नाही आणि ठरावही खरा नाही, अशा दोन खोट्यांवर आपला कारभार चालू राहतो, ही यातील खरी खंत आहे. ठराव देणारी ग्रामसभा आणि ठराव घेणारा कर्मचारी हे दोघेही या खोटेपणाचे भागीदार होतात. त्यानंतर कोणाला कोणाकडून जाब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

म्हणून माझी सरपंच व पंचायत सदस्यांना नम्र विनंती आहे की, ठराव मांडण्यापूर्वी एकदा त्या निवासस्थानाचे कुलूप उघडून आत जावे. तेथे आपल्या सुनेने किंवा लेकीने राहावे असे आपणांस वाटेल काय, हे स्वतःला विचारावे. वाटत नसेल, तर प्रथम दुरुस्तीचा ठराव करावा. आणि शिक्षक व कर्मचारी बंधुभगिनींना विनंती की, घर राहण्याजोगे झाल्यावर मात्र तेथे राहण्यात कमीपणा मानू नये. ज्यांना खऱ्या अडचणीमुळे राहता येत नाही त्यांनी तसे लेखी सांगावे; खोट्या ठरावाचा आश्रय घेऊ नये.

उपसंहार

पारावरच्या त्या पंचांना आज मी उत्तर देईन ते असे: होय, शासनप्रमुखाने सरकारी निवासस्थानातच राहावे. ते घर कामापुरते असावे, त्याचा खर्च उघड असावा, तेथे मध्यरात्रीही दाद लागावी आणि पद सुटताच ते रिकामे व्हावे. आपल्यामागून येणारा दुसरा कोणी याच घरात राहणार आहे, ही जाणीव त्याला सतत असावी. वॉलपोलने राजाचे बक्षीस नाकारले ते याच जाणिवेने. आणि जो दंडक आपण मलबार हिलवरच्या बंगल्याला लावतो, तोच शाळेमागच्या दोन खोल्यांनाही लागू आहे, हे आपण विसरू नये.

त्या म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अद्याप शोधावयाचे आहे. आपण सर्वांनी मिळून ते शोधले, तर आजचा हा मेळावा सार्थकी लागला असे मी समजेन.



जय हिंद! जय महाराष्ट्र!